शिरेची पारख



रुग्णालयात आपल्या माणसाच्या उशाशी ज्याने एखादी रात्र काढली आहे, त्याच्या कानावरून 'शीर सापडत नाही' हे शब्द गेलेले असतातच. परिचारिका दंडाला पट्टा आवळते, मनगटापासून कोपरापर्यंत बोटे फिरविते, दिवा जवळ ओढते आणि मग ते वाक्य उच्चारते. नातेवाइकांना वाटते, हिचा हात अजून बसलेला नाही. कधी ते खरेही असते. परंतु पुष्कळदा प्रश्न हाताच्या कौशल्याचा नसून निवडीचा असतो. कोणती शीर, कोणत्या हाताची, किती उंचीवरची, कोणत्या औषधासाठी आणि किती दिवसांसाठी, याचा विचार सुई हाती घेण्यापूर्वीच व्हावयास हवा. टोचण्यास अर्धे मिनिट पुरते. कोठे टोचावयाचे हे ठरविण्यामागे मात्र शरीररचनेचे बरेच ज्ञान उभे असते, आणि ते ज्ञान केवळ परिचारिकेच्याच उपयोगाचे आहे असे नाही.

शरीरातील रक्तवाहिन्या मुख्यतः दोन प्रकारच्या. हृदयाकडून निघणाऱ्या त्या रोहिणी आणि हृदयाकडे परतणाऱ्या त्या नीला. आपण बोलताना ज्यांना शिरा म्हणतो त्या बहुतेक नीलाच होत. रोहिणीत रक्त हृदयाच्या ठोक्यासरशी जोराने धावते. म्हणून तिची भिंत जाड, आणि बोटाखाली ती उडते. नीलेतील रक्त संथ असते. तिलाही रोहिणीप्रमाणेच तीन पदर असतात, परंतु मधला स्नायूंचा पदर पातळ असल्यामुळे ती सहज फुगते आणि सहज मिटते. शरीरातील निम्म्याहून अधिक रक्त कोणत्याही क्षणी या नीलांतच साठलेले असते. त्यांचा निळसर रंग पाहून आतील रक्त निळे असावे असा समज होतो, तो खरा नव्हे. ते गडद तांबडेच असते. निळेपणा हा त्वचेतून परतणाऱ्या प्रकाशाचा खेळ आहे. म्हणूनच सावळ्या वर्णाच्या, भरल्या अंगाच्या किंवा सूज आलेल्या माणसाची शीर डोळ्यांना दिसली नाही, तरी ती तेथे नाही असे ठरत नाही. शीर डोळ्यांपेक्षा बोटांना अधिक कळते. चांगली शीर बोटाने दाबली की मऊ लागते आणि बोट उचलताच पुन्हा उसळून वर येते. जी दोरीसारखी कठीण लागते, बोटाखाली दबत नाही, ती दिसावयास कितीही ठसठशीत असो, पूर्वीच्या सुयांनी किंवा औषधांनी निकामी झालेली असते. आणि जी ठोक्यासरशी उडते ती शीरच नव्हे. तेथे सुई नेणे म्हणजे रोहिणीवर घाला घालणे होय.

नीलेची आणखी एक खूण म्हणजे तिच्यातील झडपा. यांची हकीकत मोठी रंजक आहे. दुसऱ्या शतकातील गेलन या ग्रीक वैद्याच्या मते रक्त यकृतात तयार होऊन नीलांच्या वाटे शरीरभर बाहेर पसरत असे आणि तेथेच खर्ची पडत असे. हे मत युरोपात सुमारे दीड हजार वर्षे वेदवाक्यासारखे मानले गेले. इटलीतील पादुआ हे नगर आपल्याकडील ख्रिस्ती घरांतून संत अंतोनीच्या नावाने परिचित आहे. त्याच नगरीच्या विद्यापीठात फाब्रिसियुस नावाचे शरीरशास्त्राचे अध्यापक होते. त्यांनी 1603 साली नीलांतील झडपांवर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. झडपा त्यांनी पाहिल्या, त्यांची चित्रे काढविली, परंतु त्यांचे कार्य काय हे त्यांना उमगले नाही. हातापायांत रक्त एकदम साचू नये म्हणून हे बांध घातलेले असावेत, एवढाच तर्क त्यांनी केला. त्यांचाच विद्यार्थी विल्यम हार्वे याने 1628 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात त्या झडपांचा खरा अर्थ सांगितला. रक्त नीलांतून बाहेर जात नाही, ते परत येते. आणि झडपा त्याला मागे फिरू देत नाहीत.

हार्वेने केलेला प्रयोग कोणासही घरी करून पाहता येतो. दंडाला रुमाल बेताचा आवळून बांधावा, म्हणजे हातावरील शिरा फुगतात आणि त्यांवर ठिकठिकाणी उसाच्या पेरासारख्या गाठी दिसू लागतात. त्या गाठी म्हणजेच झडपा. आता एका बोटाने शीर खालच्या बाजूस दाबून धरावी आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातील रक्त कोपराच्या दिशेने गाठीपलीकडे लोटावे. वरचे बोट उचलले तरी मधली शीर रिकामीच राहते. झडप रक्ताला खाली येऊ देत नाही. खालचे बोट उचलले की शीर क्षणात भरते. रुमाल मात्र लगेच सोडावा.

सुमारे चारशे वर्षांपूर्वीचा हा प्रयोग आजच्या परिचारिकेच्या कामात रोज उपयोगी पडतो. सुईवरून आत सरकविण्याची जी बारीक प्लास्टिकची नळी असते, जिला कॅन्युला म्हणतात, ती झडपेवर जाऊन अडली तर पुढे सरकत नाही. जोर केला तर शीर फाटते. म्हणून गाठीच्या अगदी खाली टोचू नये. ज्या सरळ तुकड्यात गाठ नाही आणि जो नळीच्या लांबीस पुरेल, तोच तुकडा निवडावा. जेथे दोन शिरा इंग्रजी वाय अक्षरासारख्या एकमेकींस मिळतात तेथे शीर कमी सरकते, म्हणून अनुभवी परिचारिका त्या संगमाच्या किंचित खालून सुई नेतात.

हातावरील नीलांचा नकाशा ओढ्यानाल्यांसारखा आहे. बोटांच्या कडांनी येणाऱ्या बारीक शिरा मळहातावर एकत्र होऊन तेथे एक जाळे तयार होते. त्या जाळ्याच्या अंगठ्याकडील टोकापासून जी मोठी शीर निघते ती सेफॅलिक. मनगटाला वळसा घालून ती हाताच्या बाहेरच्या अंगाने कोपरापर्यंत आणि तेथून खांद्यापर्यंत चढते. करंगळीकडील टोकापासून निघते ती बॅसिलिक. ती हाताच्या आतल्या, म्हणजे अंगाकडील बाजूने वर जाते. कोपराच्या खोबणीत या दोघींना जोडणारी एक तिरपी शीर असते, तिचे नाव मीडियन क्युबिटल. हाताच्या मधोमध आणखी एक लहानशी शीर तळहाताकडून वर येते. प्रत्येकाच्या हातावर हा नकाशा थोडाफार निराळा असतो. एकाच माणसाचे दोन हातही सारखे नसतात. नावांचीही एक गंमत आहे. सेफॅलिक म्हणजे 'मस्तकाची'. या शिरेचा मस्तकाशी काही संबंध नाही. अरबी वैद्यकग्रंथांचे लॅटिन भाषांतर होताना तिच्या अरबी नावाचे हे रूपांतर झाले, असे अभ्यासक सांगतात. डोकेदुखीच्या रोग्याचे रक्त याच शिरेतून काढण्याची चालही एकेकाळी होती. 

आता यांपैकी कोणती शीर निवडावी? नवख्याची नजर प्रथम कोपराच्या खोबणीकडे जाते, आणि ते स्वाभाविक आहे. तेथील शीर ठळक असते, फारशी सरकत नाही, आणि तिच्याखाली स्नायूचा एक चिवट पदर असल्यामुळे खोल असलेली रोहिणी व मज्जातंतू यांना काहीसे संरक्षण मिळते. तपासणीसाठी रक्त काढावयाचे असेल तर हीच जागा उत्तम. अपघातात किंवा प्रसूतीनंतर रक्तस्राव होत असता क्षणाचाही विलंब परवडत नाही, तेव्हाही येथेच जाड कॅन्युला घालणे योग्य. परंतु सलाईन दोन-तीन दिवस चालवावयाचे असेल तर ही जागा शक्य तो टाळावी. कोपर हा सांधा आहे. रोग्याने घास तोंडाशी नेला, पांघरूण ओढले, कूस बदलली की हात दुमडतो, नळी वाकते, सलाईन थांबते आणि शिरेच्या आतील नाजूक अस्तर घासले जाऊन तेथे दाह सुरू होतो. मग रोग्याला हात ताठ धरून पडून राहावे लागते आणि तो साऱ्या वॉर्डावर चिडतो. त्याचे चिडणे रास्त असते.

मनगटाजवळ, अंगठ्याच्या मुळाच्या थोडी वर, सेफॅलिक शीर चांगली जाड आणि सरळ असते. इंग्रजी रुग्णालयांतून तिला शिकाऊ डॉक्टरांची मैत्रीण असे लाडके नाव आहे. पण ही मैत्री जपून करावी. त्वचेला संवेदना देणारा एक मज्जातंतू तेथे या शिरेच्या अगदी शेजारून जातो. सुई त्याला लागली तर रोग्याच्या अंगठ्यापर्यंत विजेचा झटका बसल्यासारखी कळ जाते. अशी कळ आली तर धीर धरा असे रोग्याला सांगत बसू नये. सुई तत्काळ बाहेर काढावी. मनगटापासून चार-पाच बोटे वर सरकले की हा धोका पुष्कळ कमी होतो. मनगटाची आतली, म्हणजे तळहाताकडील बाजू तर वर्ज्यच समजावी. तेथे शिरा बारीक, कातडी हळवी, आणि खाली कंडरा व मज्जातंतू यांची दाटी असते.

उरते ती कोपर आणि मनगट यांमधील जागा, आणि बहुतेक प्रसंगी तीच सर्वांत चांगली. येथे शिरा लांब व सरळ असतात, खालच्या दोन हाडांची नैसर्गिक फळी मिळते, सांधा नसल्यामुळे नळी हलत नाही, आणि रोग्याला हाताने जेवता येते, केस विंचरता येतात. त्यातही उजवखोऱ्याचा डावा हात आणि डावखोऱ्याचा उजवा. रोग्याला 'आपण कोणत्या हाताने जेवता?' एवढा प्रश्न विचारावयास काहीच वेळ लागत नाही. तरी तो पुष्कळ ठिकाणी विचारला जात नाही.

वर कोठे आणि खाली कोठे, याचाही एक नियम आहे आणि तो हार्वेच्या शोधातूनच निघतो. रक्त बोटांकडून हृदयाकडे वाहते. एका जागी शीर फुटली किंवा सुजली तर पुढची जागा तिच्या वर, हृदयाच्या बाजूस घ्यावी लागते. खाली घेतली तर तेथून सोडलेले औषध वरच्या जखमेच्या जागी जाऊन झिरपण्याचा संभव असतो. म्हणून बऱ्याच दिवसांचे उपचार असतील तर आरंभ खालून करून क्रमाक्रमाने वर जावे. पहिल्याच दिवशी कोपराची शीर वापरून टाकणारा पुढच्या माणसाची वाट बंद करीत असतो.

काही हात असे असतात की तेथे चांगली शीर दिसत असूनही हात लावू नये. स्तनाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया होऊन काखेतील गाठी काढलेल्या असतील तर त्या बाजूचा हात शक्य तो वगळतात, कारण त्या हातातील रसाचा निचरा कमी झालेला असतो आणि सूज येण्याची भीती असते. पक्षाघाताने लुळा पडलेला हातही टाळतात. तेथे दुखले तरी रोग्याला कळत नाही. भाजलेल्या, पुरळ उठलेल्या, सुजलेल्या कातडीतून सुई नेत नाहीत. प्रौढ माणसाच्या पायाची शीर केवळ निरुपाय झाला तर घेतात, कारण पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका अधिक असतो.

परंतु या साऱ्यांत अधिक विचार व्हावा असा हात मूत्रपिंडाच्या रोग्याचा आहे. मूत्रपिंडे निकामी झाली म्हणजे डायलिसिस करावे लागते, आणि त्यासाठी आठवड्यातून दोन-तीन वेळा शरीरातील रक्त मोठ्या वेगाने यंत्रात न्यावे आणि परत आणावे लागते. साधी नीला त्याला पुरत नाही. 1966 साली न्यूयॉर्कमधील ब्रेशिया, चिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनगटाजवळ रोहिणी आणि सेफॅलिक नीला एकमेकींस शिवून जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तिला फिस्टुला म्हणतात. रोहिणीचा दाब मिळाल्यामुळे ती नीला काही आठवड्यांत जाड आणि रुंद होते आणि मग तिच्यात वारंवार मोठ्या सुया घालता येतात. डायलिसिसच्या रोग्याचे आयुष्य अक्षरशः त्या एका शिरेवर चाललेले असते. फिस्टुला असलेल्या हाताला सुई तर नाहीच, पण रक्तदाब मोजण्याचा पट्टाही बांधावयाचा नसतो. हे नियम डायलिसिसच्या विभागात सर्वांना पाठ असतात. घोटाळा होतो तो त्याच्याही आधी. मधुमेहाने किंवा अन्य कारणाने मूत्रपिंडे हळूहळू खालावत असलेला रोगी साध्या तापासाठी एखाद्या दवाखान्यात येतो. त्याच्या डाव्या हाताची ठळक सेफॅलिक शीर पाहून कोणीतरी तेथेच चार दिवस सलाईन चालविते. शीर सुजते, कठीण होते, आणि दोन वर्षांनी शल्यचिकित्सक फिस्टुला करावयास बसतो तेव्हा जोडण्यासारखी शीर उरलेली नसते. अशा रोग्यासाठी मळहातावरील शिरा वापराव्यात आणि कोपराखालच्या व वरच्या मोठ्या शिरा राखून ठेवाव्यात. ज्याला आपले मूत्रपिंड अधू आहे हे ठाऊक आहे त्याने स्वतःच हात पुढे करण्यापूर्वी ही गोष्ट बोलून दाखवावी. चांगल्या परिचारिकेला याचा राग येत नाही.

शिरेतून द्रव देण्याची विद्या कशी जन्मास आली हे पाहिले म्हणजे तिची खरी किंमत कळते. 1831 साली कॉलऱ्याची साथ इंग्लंडात पोहोचली तेव्हा विल्यम ओशॉनेसी या तरुण आयरिश वैद्याने रोग्यांचे रक्त तपासून त्यातील पाणी आणि क्षार कमी झाल्याचे दाखविले. हेच गृहस्थ 1833 साली कलकत्त्यास आले आणि पुढे हिंदुस्थानातील तारायंत्राच्या उभारणीचे प्रमुख झाले. त्यांच्या लेखनावरून सुचून स्कॉटलंडमधील लीथ येथील टॉमस लाटा यांनी 1832 साली मरणोन्मुख अशा एका वृद्धेच्या बॅसिलिक शिरेत नळी घालून क्षारयुक्त पाणी सोडावयास आरंभ केला. अर्ध्या तासात सहा पाइंट पाणी आत गेले. बुडालेली नाडी परत आली, खोल गेलेले डोळे उजळले, ती बोलू लागली. तिला सुखरूप समजून लाटा निघून गेले. जुलाब-वांत्या पुन्हा सुरू झाल्या, कोणी पुन्हा पाणी दिले नाही, आणि साडेपाच तासांत ती गेली.

या विद्येची दुसरी बाजूही विसरू नये. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बनगाव येथे, कॉलरा उसळला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व सोडा घातलेले पाणी पिंपांतून वाटून तोंडावाटे पाजले, आणि तीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आले. ज्याला पिता येते आणि पोटात ठरते, त्याला बहुधा सुईची गरज नसते. आपल्याकडे मात्र थोडा अशक्तपणा वाटला की 'डॉक्टरसाहेब, एक सलाईन लावा' असा आग्रह रोगीच धरतो. लिटरभर साध्या सलाईनमध्ये नऊ ग्रॅम मीठ असते, बाकी पाणी. अर्धा लिटर पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे पाच-सहा चमचे. ताकद येते म्हणून जी बाटली घ्यावयाची तिच्यात भाकरी-आमटीच्या एका जेवणाइतकेही बळ नसते. उलट एक चांगली शीर खर्ची पडते.

सुई कितव्या क्रमांकाची हे प्रयोजनावरून ठरते. येथे क्रमांक वाढला की जाडी घटते. अठरा क्रमांकाची हिरवी, वीसची गुलाबी, बावीसची निळी, चोवीसची पिवळी. नळीची त्रिज्या दुप्पट झाली तर प्रवाह सोळापट होतो, हा नियम फ्रेंच वैज्ञानिक पुआझय याने एकोणिसाव्या शतकात सिद्ध केला. म्हणून रक्तस्रावात जाड नळी हवी. एरवी मात्र जी काम भागवील ती बारीकात बारीक नळी घ्यावी, म्हणजे तिच्या भोवतीने रक्त वाहत राहते, औषध पातळ होते आणि शिरेला जाच होत नाही.

वृद्धांच्या मळहातावरील शिरा दोऱ्यांसारख्या वर आलेल्या दिसतात आणि नवखा त्यांना भुलतो. त्वचेखालची चरबी झिजल्यामुळे त्या सुईपुढून पळतात, आणि भिंती ठिसूळ असल्यामुळे फुटतात. येथे पट्टा अगदी सैल, क्वचित मुळीच नको. कातडी अंगठ्याने खाली ताणून धरावी आणि सुई जवळजवळ आडवी न्यावी. तान्ह्या मुलाच्या बाबतीत मळहात, पाऊल, कधी डोक्याची शीरही घेतात. पण ज्या हाताचा अंगठा ते चोखते तो हात सोडावा. कोणत्याही वयात शीर वर येत नसेल तर हात काही वेळ पलंगाखाली लोंबता ठेवावा, कोमट कपडा गुंडाळावा. शिरेवर चापट्या मारण्याची जुनी खोड सोडून द्यावी. पट्टा जागेच्या चार ते सहा इंच वर बांधावा, एक-दोन मिनिटांपेक्षा अधिक ठेवू नये, आणि त्याच्या खाली मनगटाची नाडी लागली पाहिजे. कातडी निर्जंतुक करण्याचे औषध लावल्यावर ते वाळू द्यावे; वाळण्यापूर्वी टोचले तर ते चरचरते आणि जंतूही पुरते मरत नाहीत. दोनदा प्रयत्न फसला तर तिसऱ्यांदा दुसऱ्या अधिक जाणत्या हाताला बोलवावे. आता बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत ध्वनिलहरींच्या यंत्राने खोलवरची शीर पडद्यावर पाहून सुई नेतात.

कॅन्युला बसल्यावर पारदर्शक पट्टी, तिच्यावर तारीख, आणि दर पाळीला एक नजर. लाली, सूज, उष्णता, कळ, यांपैकी काहीही दिसले तर 'अजून एक बाटली जाऊ दे' असे न म्हणता ती काढावी. काढताना कापूस ठेवून हात सरळ ठेवावा आणि दोन-तीन मिनिटे दाबून धरावे. रक्त काढून झाल्यावर कोपर दुमडून बसण्याची जी सवय सर्वत्र दिसते, तिच्यामुळे शिरेचे छिद्र नीट मिटत नाही आणि दुसऱ्या दिवशी तेथे काळानिळा डाग उमटतो.